खिलाडूवृत्तीसाठी तुम्हाला कोणता खेळाडू सर्वात जास्त आवडतो?

गुंडप्पा विश्वनाथ. तेही एका हरलेल्या सामन्यासाठी, आणि तो झाला आपल्या वानखेडेवरच.

फेब्रुवारी १९८०, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडचा निम्मा संघ ५८ धावांत तंबूत. पुढे कपिलच्या गोलंदाजीवर पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार विश्वनाथची मात्र खात्री होती, चेंडू बॅटला लागलेलाच नाही. त्याने पंचांशी बोलून टेलरला परत बोलावलं. मग टेलर-बोथमने १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंड १० गडी राखून जिंकलं. (बोथमचे १३ बळीही होतेच म्हणा.) विश्वनाथची कर्णधार म्हणून ती शेवटची कसोटी ठरली.

खडूस मुंबईकरांना हा शुद्ध वेडेपणा वाटेल. मला नाही वाटत.