तुमचा प्रश्न कोणता?

प्रश्न : ताई, ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवी घेऊन मी तीन वर्षं एका नेत्ररुग्णालयात काम करते आहे. दिवसाला तीस-पस्तीस जणांचे नंबर काढते. आता परदेशात पुढे शिकायचंय, पण ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) करावं की व्हिजन सायन्समध्ये, म्हणजे दृष्टिविज्ञानात, पीएचडी, तेच ठरत नाही. गुण बेताचे आहेत, शोधनिबंध एकही नाही. पंधरा प्राध्यापकांना मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : आधी ओडी आणि पीएचडीचं बघू. या एका जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नाहीत, दोन वेगळी घरं आहेत. ओडी ही अमेरिका-कॅनडातली चार वर्षांची व्यावसायिक पदवी. अमेरिकेत त्यासाठी सहसा ओएटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची (गुण २०० ते ४०० मध्ये मिळतात), अर्ज ऑप्टमकॅस या सामाईक संकेतस्थळावरून करायचा, पुढे बोर्डाच्या परीक्षा आणि परवाना. खर्च बहुतांशी ज्याचा त्याने करायचा. पीएचडीला उलट. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, पण पाच-सहा वर्षं घालवून हातात पदवी आली तरी रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही. माहितीपत्रकातली ही ओळ लोक वाचतच नाहीत.

गोंधळ होतो तो एका छताखाली दोन्ही चालतं म्हणून. बर्कली, ह्यूस्टन, ओहायो स्टेट, इंडियाना, कॅनडातलं वॉटरलू, या सगळ्या ठिकाणी ऑप्टोमेट्रीचं शिक्षण आणि दृष्टिविज्ञानातलं संशोधन शेजारी शेजारी असतं. रॉचेस्टरला मात्र दृष्टिविज्ञानाचं नावाजलेलं केंद्र आहे, ऑप्टोमेट्रीचं कॉलेज नाही. शिवाय परदेशात पदवी घेतलेल्या ऑप्टोमेट्रिस्टना काही कॉलेजांत ओडीचा कमी मुदतीचा मार्ग असतो, तोही बघून ठेवा.

कुठलं घर निवडायचं यासाठी मी एकच विचारते. घरी गेल्यावर त्या पस्तीस जणांपैकी कोण आठवतं? नवा चष्मा लावल्यावर ज्यांचा चेहरा उजळला ते आठवत असतील, तर ओडी करा. नंबर बरोबर असूनही ज्यांची तक्रार का राहिली ते कळलं नाही, ते आठवत असतील, तर पीएचडी.

आता मेलचं. मीही पीएचडीसाठी अर्ज करायच्या पहिल्या वर्षी मेलच पाठवले होते. बावीस जणांना एकच मजकूर, वरचं नाव तेवढं बदललेलं. 'लहानपणापासून डोळ्यांविषयी कुतूहल' त्यात होतं, 'आपल्या मौलिक संशोधनाने प्रभावित होऊन' हेही होतं. एका मेलमध्ये नाव बदलायचं राहून गेलं. एकवीस जण गप्प बसले. उत्तर आलं ते नेमकं चुकीचं नाव गेलेल्या प्राध्यापकांचं : नाव दुसऱ्याचं आहे, असू दे; तुमचा प्रश्न कोणता?

दोन दिवस मी त्या ओळीकडे बघत होते. माझ्याकडे प्रश्न नव्हताच. मला प्रवेश हवा होता.

मग शिवणकाम करणाऱ्या एक बाई आठवल्या. साठीच्या असतील. तक्त्यावर दोन्ही डोळे ६/६, शेवटची ओळ घडाघडा वाचलेली. तरी म्हणत होत्या, "काळ्या कापडावरची काळी शिवण उसवायची म्हटली की दिसत नाही हो." मी नंबर पुन्हा काढला, तोच आला. चष्मा बरोबर आहे म्हणून त्यांना वाटेला लावलं. पुढच्या खेपेला त्या कापडाचा तुकडाच घेऊन आल्या. टेबलावरच्या दिव्याखाली धरला, डोळ्यापाशी नेला, तिरका केला आणि शेवटी बोटाने चाचपून टाका शोधला. मला तो हातभर लांबून दिसत होता.

आमच्याकडे कपाटाच्या दारामागे पेली-रॉबसन तक्ता टांगलेला होता. हा १९८८ सालचा. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, फक्त दर तीन अक्षरांनी फिकी होत जातात, प्रत्येक टप्प्याला ठरावीक प्रमाणात. आमचा तक्ता पिवळा पडलेला, त्यामुळे त्यावरच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. म्हणून बाईंच्याच वयाच्या आमच्या मदतनीस मावशींना त्याच उजेडात, तितक्याच अंतरावर उभं करून वाचायला लावलं. शिवणकामवाल्या बाई त्यांच्या तीन गट आधी थांबल्या. भिंगात मोतीबिंदूची सुरुवात होती. नेहमीच्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळंभोर असतं, ते डोळ्यात विखुरलेल्या प्रकाशाच्या धुक्यातूनही वाचता येतं. काळ्यावरचं काळं मात्र त्यात बुडतं. हे पुस्तकात होतंच, परीक्षेला मी लिहिलंही होतं. समोर बसलेल्या बाईंशी त्याचा संबंध तेवढा लावला नव्हता.

दुसऱ्या वर्षीचा मेल आठ ओळींचा होता. पहिल्या तीन ओळींत ती शिवण. मग त्या प्राध्यापकांच्या एका शोधनिबंधातल्या एका आलेखाबद्दल मला काय कळलं आणि कुठे अडलं, ते. मग प्रश्न : दोन माणसांचं ६/६ सारखंच असताना एकाचं काम अडतं आणि दुसऱ्याचं नाही, हे कुठल्या मोजमापावरून आधी ओळखता येईल? शेवटी येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, एवढंच विचारलं. सहा जणांना पाठवला, तिघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकांकडे जागा नव्हती, पण कुणाला लिहू ते सांगितलं.

तुमच्या तीन वर्षांत अशी एखादी शिवण नक्की असणार. तीच तुमच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजची (अर्जासोबतच्या उद्देशपत्राची) सुरुवात. मात्र एक सांभाळा. रुग्णांच्या नोंदी काढून 'मी शंभर जणांचा अभ्यास केला' असं लिहून मोकळं होऊ नका. नीतिसमितीच्या परवानगीशिवाय ते संशोधन ठरत नाही, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या फटक्यात कळतं. 'एक रुग्ण पाहिला आणि प्रश्न पडला' यात काही कमीपणा नाही.

बेताच्या गुणांची भरपाई वाचनाने होते, अगदी शंभर टक्के नाही, पण बरीच. 'जर्नल ऑफ व्हिजन' आणि 'आयओव्हीएस' ही दोन्ही संशोधन-नियतकालिकं नेटवर फुकट वाचता येतात. माझ्या मुलाखतीत गुणांचा विषयच निघाला नाही. विचारलं ते असं : तक्त्यावर रुग्णाचं एक अक्षर चुकलं, तर किती चुकलं? मी म्हटलं, तक्ता कुठला ते सांगा. जुन्या स्नेलेन तक्त्यावर वर एकच अक्षर आणि खाली सात-आठ, तिथे एका अक्षराला ठरावीक किंमत नाही. बेली आणि लोव्ही यांनी १९७६ साली दर ओळीत पाचच अक्षरं ठेवली आणि आकार ठरावीक पटीने घटवला. अशा तक्त्याला लॉगमार तक्ता म्हणतात, आणि त्यावर एका अक्षराची किंमत ठरलेली, ०.०२. पुढची वीस मिनिटं आम्ही तक्त्यांवरच बोललो. तुम्ही रोज हाताळता त्याच वस्तूंबद्दल हे विचारतात. भौतिकशास्त्राच्या उमेदवाराला ही सोय नाही!

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. मोठ्या पदाच्या माणसामागे धावू नका. आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी मला सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी लिहिलं : मेहनती, उत्साही, प्रामाणिक. कुणालाही डकवावं असं पत्र होतं ते, आणि स्वतःबद्दल याहून जास्त लिहायचा मला संकोचही वाटला. दुसऱ्या वर्षी ज्यांच्या शेजारच्या खोलीत मी काम करायचे, त्या ऑप्टोमेट्रिस्टबाईंकडून पत्र घेतलं. त्यांनी पिवळ्या तक्त्याची गोष्ट लिहिली. तीनपैकी निदान एक पत्र पदवीच्या काळात प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांचं असू द्या.

तारखांचं थोडक्यात : अमेरिकेतल्या पीएचडीचे अर्ज बहुतेक डिसेंबरात संपतात, म्हणजे मेल सप्टेंबरात जायला हवेत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी काढून टाकली आहे, त्या त्या विभागाचं पान बघूनच पैसे भरा. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात पीएचडी तीन-चार वर्षांची असते आणि पहिल्या दिवसापासून ठरलेल्या विषयावर. तिथे आधी मार्गदर्शक मिळवायचा, मग अर्ज. आणि अमेरिकेत आर्थिक मदतीसह प्रवेश मिळाला, तर १५ एप्रिलच्या आत हो-नाही सांगायची सक्ती बहुतेक विद्यापीठं करत नाहीत, तसा त्यांचा आपसात करार आहे. कुणी घाई केली तर नम्रपणे ही तारीख दाखवा.

प्रश्न : माझा मुलगा भौतिकशास्त्रात एमएस्सी आहे. त्याला दृष्टिविज्ञानात जायचंय. डोळ्यांचं काहीच शिकलेलं नसताना घेतील का? त्याच्या वतीने मी प्राध्यापकांना पत्र लिहिलं तर चालेल का?

उत्तर : घेतील, आनंदाने घेतील. या विषयात भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, संगणक, मेंदूविज्ञान, सगळीकडची माणसं असतात. दुर्बिणीतून तारे थरथरताना दिसू नयेत म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी वापरलेलं अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सचं तंत्र रॉचेस्टरच्या संशोधकांनी डोळ्याकडे वळवलं आणि १९९७ साली जिवंत माणसाच्या दृष्टिपटलातल्या सुट्या सुट्या शंकुपेशींची (रंग ओळखणाऱ्या पेशींची) चित्रं छापली. अशा प्रयोगशाळांना भिंगं आणि आरसे जुळवणारे हात हवेच असतात. डोळ्याची रचना पहिल्या वर्षी शिकवतात. अर्जाआधी त्याने सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून एक छोटा प्रयोग स्वतःवर करून बघावा; पडद्यावरचे पट्टे किती फिके झाले की दिसेनासे होतात, एवढं मोजलं तरी मेलमध्ये लिहायला काहीतरी हाताशी येईल.

पत्र मात्र त्याचं त्यालाच लिहू द्या.