घाटात ओकणारी कुत्री आणि गुंगीची अर्धी गोळी

तुमचा प्रश्न वाचला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून सावंतवाडीला जायचंय, सोबत अडीच वर्षांची १८ किलोची गावठी कुत्री. गाडीत बसली की दहा मिनिटांत लाळ सुरू होते आणि कात्रज ओलांडेपर्यंत उलटी. दवाखान्यातून फोनवर सांगितलंय की निघताना गुंगीची अर्धी गोळी द्या, झोपून येईल. या शेवटच्या वाक्यामुळेच एवढं लांब लिहितेय. आमच्याकडेही एका दवाखान्याच्या काउंटरवरून, वजन न करता आणि कुत्र्याला न बघता, नेमका हाच सल्ला मिळाला होता. कुत्र्यासोबतच्या प्रवासात आमचं सगळ्यात जास्त नुकसान त्या सल्ल्याने झालं. मी पशुवैद्य नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण त्यांना काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असायला हवं.

लसींचं कार्ड, पाण्याचं भांडं, गळपट्ट्यावर फोन नंबर हे तुम्ही करणारच, ते सोडून देते.

गुंगीसाठी बहुतेक वेळा एसप्रोमॅझिनच्या जातीचं औषध दिलं जातं. त्याने शरीर ढिलं पडतं, भीती मात्र कमी होत नाही. कुत्री पडून राहते म्हणून आपल्याला ती शांत वाटते, पण आत घाबरलेलीच असते, फक्त हलता येत नाही. त्यात थोडा उलटी थांबवण्याचा गुणही आहे. त्यामुळे गोळी लागू पडली असं वाटतं आणि पुढच्या वेळी लोक अर्ध्याची पूर्ण देतात. या औषधाने रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो आणि शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते. मे महिन्यात घाट उतरून कोकणात शिरताना नेमकी तीच लागते. शिवाय वळणावर कुत्री पाय रोवून तोल सांभाळते, गुंगीत तिला ते जमत नाही, ती सीटवरून घरंगळते. आणि गुंगीत उलटी झालीच तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

ही गोळी आधीच कोणी देऊन बसलं असेल तर डोळे बघा. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्या बुबुळापर्यंत सरकलेला दिसतो, आणि खाली उतरवल्यावर मागचे पाय एकमेकांत अडकतात. अशा वेळी प्रवास थांबवा, सावलीत किंवा एसीत ठेवा, डॉक्टरांना फोन करा. असर सहा-आठ तास राहू शकतो, कधी त्याहून जास्त.

दवाखान्याला दोष द्यायची हौस नाही, पण रागावून सांगते: 'गाडीत त्रास होतो' एवढं ऐकून गोळी सांगणं म्हणजे तपासणी नव्हे. कुत्रीला मळमळ होते की गाडीची भीती वाटते, हा पहिला प्रश्न आहे आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ओळखायला सोपं आहे. इंजिन बंद असलेल्या, उभ्या गाडीत तिला दहा मिनिटं बसवा. तिथेही लाळ, थरथर, लहालहा सुरू झाली तर भीती आहे. उभ्या गाडीत निवांत आणि चालत्या गाडीत आधी जांभया, ओठ चाटणं, मग लाळ, मग उलटी, तर मळमळ. तुमच्या वर्णनावरून मला मळमळीने सुरू होऊन नंतर भीतीही चिकटली असावी असं वाटतं, पण ही चाचणी करूनच ठरवा.

मळमळीसाठी डॉक्टरांना मॅरोपिटंटबद्दल विचारा. ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं, गुंगी आणत नाही. इथे एक चूक वारंवार होते. साध्या उलटीसाठी त्याचा डोस किलोमागे २ मिलिग्रॅम असतो आणि प्रवासाच्या उलटीसाठी किलोमागे ८. म्हणजे चौपट. उलटीचा डोस देऊन घाटात नेलं की लोक म्हणतात, औषधाचा उपयोग नाही. प्रवासाचा डोस सलग दोन दिवसांपेक्षा जास्त द्यायचा नसतो. गोळी तोंडावाटे, निघण्याच्या दोन तास आधी, एखाद्या छोट्या घासासोबत. अगदी रिकाम्या पोटी दिली तर गोळीनेच उलटी होते, आणि चीजच्या जाड गोळ्यात घट्ट गुंडाळली तर ती उशिरा विरघळते. असर किमान बारा तास धरा. पहाटे साडेचारला निघणार असाल तर आंबोलीचा घाट शेवटी, दुपारच्या सुमाराला येणार, म्हणून आदल्या रात्री दहाला देण्यापेक्षा अडीचला उठून दिलेली बरी. भीती ठळक असेल तर त्याची औषधं निराळी आहेत, तीही डॉक्टरच सांगतील. कुठलंही औषध असो, पहिला डोस घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन बघा. प्रवासाच्या सकाळी पहिल्यांदा नाही.

निघायला तीन आठवडे असतील तर सवय लावता येते, आणि माझ्या मते गोळीइतकाच तिचा उपयोग होतो. पहिले चार-पाच दिवस रात्रीचं जेवण उभ्या गाडीत, दारं उघडी, इंजिन बंद. मग इंजिन सुरू करून पाच मिनिटं, गाडी जागेवरच. मग सोसायटीला एक फेरी आणि लगेच उतरवून खेळ. मग पाच किलोमीटर, मग पंधरा, आणि शेवटच्या आठवड्यात एकदा जुना कात्रज घाट. कुठल्याही टप्प्यावर लाळ दिसली तर आदल्या टप्प्यावर परत या. चार दिवस वाया गेले असं वाटेल, पण उलटी होईपर्यंत ताणलं की आधीची सगळी मेहनत जाते. आणि दरवेळी दवाखान्यातच नेऊ नका, गाडी म्हणजे सुई असा तिचा समज पक्का होतो.

आदल्या रात्री आठच्या आत निम्मं जेवण, सकाळी गोळीसोबतच्या घासाशिवाय काही नाही. पाणी बंद करू नका. दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे १८ किलोला एक लिटरच्या आसपास. उन्हात जास्त लागेल. एकदम भांडंभर न देता प्रत्येक थांब्यावर अर्धी वाटी द्या.

बसण्याची जागा मागच्या सीटवर मधोमध. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सगळ्यात कमी हेलकावतो, डिकीकडचा सगळ्यात जास्त. डिकीत एसीचा झोतही पोचत नाही आणि मागच्या काचेतून ऊन थेट अंगावर येतं. पुढच्या आणि मागच्या सीटमधली पोकळी बॅग घालून भरा. चादरीऐवजी योगा मॅट टाका, चादर सरकते आणि सरकणाऱ्या पायाखाली कुत्री घाबरते. पट्टा छातीच्या हार्नेसला लावून सीटबेल्टच्या कुलपात अडकवा, गळपट्ट्याला कधीही नाही, जोरात ब्रेक लागला की मानेला इजा होते. ताशी ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून पडणं, म्हणून 'मी मांडीवर धरते' याला अर्थ नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग आहे, तिथेही नको. काचांचं लॉक लावून ठेवा, खिडकीच्या बटणावर पाय पडून काच खाली येते.

आणि चालवणारा! औषधापेक्षा त्याचा वाटा मोठा आहे हे माझं ठाम मत. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. घाटात ताशी तीसच्या वर नको. आत सुगंधी फ्रेशनर लटकत असेल तर आठवडाभर आधी काढून टाका.

रस्ता साधारण पावणेचारशे किलोमीटर: सातारा, कराड, कोल्हापूर, मग निपाणी किंवा संकेश्वरवरून आजरा, आंबोली. दर दोन ते अडीच तासांनी पंधरा मिनिटं थांबा, दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या. हायवेच्या कडेला नाही, पंपाच्या मागच्या बाजूला किंवा सर्व्हिस रोडला. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, भाजली तर तिचेही पंजे भाजतील. ढाब्यावर कांद्याचं काही, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं तिला कोणी घालणार नाही हे बघा. मुलं प्रेमाने घालतात.

जेवायला आळीपाळीने जा. बाहेर २९-३० अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत ४० आणि अर्ध्या तासात ४८ अंशांच्या आसपास जाते, काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. एसी चालू ठेवून, गाडी लॉक करून जाण्यावरही भरवसा ठेवू नका. इंजिन बंद पडलं किंवा कॉम्प्रेसरने दगा दिला तर आतून सांगायला कोणी नसतं.

देशावर ३८ अंशांत जी कुत्री ठीक होती ती सावंतवाडीत ३४ अंशांत लहालहा करते, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. कुत्री जिभेवरून पाणी उडवून थंड होते आणि कोकणातल्या दमट हवेत ते उडत नाही. आंबोलीला थंड वाटलं म्हणून एसी बंद करून घाट उतरू नका, तीसेक किलोमीटरवर हवा पार बदललेली असते. हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती झाली तर लगेच सावली, साधं पाणी पोटावर, मांड्यांवर, सगळ्या अंगावर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता अडकते. थर्मामीटर जवळ ठेवा. ३९.५ ला आलं की पाणी थांबवा आणि शुद्धीवर दिसली तरी दवाखाना गाठा.

आंबोलीत बिबट्याचा वावर आहे, संध्याकाळनंतर तिला मोकळं सोडू नका, अंगणातही नाही.

शेवटचं गोचिडांचं. निघण्याच्या आठवडाभर आधी गोचिडाची गोळी द्या, फ्लुरालानरची असेल तर जेवणासोबत, ती बारा आठवडे चालते. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६-१७ मध्ये माकडतापाची साथ झाली होती. तो माणसाला जंगलातल्या गोचिडांमुळे होतो, आणि कुत्रीच्या अंगावरून गोचीड घरात येते. रोज रात्री बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतल्या घड्या, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल, काडी काही नको. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुत्रीला ताप, जेवण सोडणं किंवा नाकातून रक्त दिसलं तर रक्ताची तपासणी प्लेटलेटसह करून घ्या आणि कोकणात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.