आयतं मिळालेल्याचं ओझं

"मॅडम, मला कसलाच त्रास नाही. त्याचाच त्रास होतोय."

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याचं पहिल्या भेटीतलं हे पहिलं वाक्य. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय वीस, विद्यापीठातलं दुसरं वर्ष. आई प्राध्यापक, फीची चिंता कधी नव्हती. रूममेट मात्र घरातून विद्यापीठात आलेला पहिलाच. संध्याकाळी नोकरी करून अकराला खोलीवर यायचा आणि मग पुस्तक उघडायचा. एका पेपरात याला उत्तम मार्क मिळाले, रूममेट थोडक्यात नापास झाला. तेव्हापासून याचं बिनसलं. मित्रांबरोबर बाहेर जाणं बंद, नवा लॅपटॉप कपाटात. पुढेपुढे अभ्यासच होईना, कारण "हे मार्क माझे नाहीतच."

झोप आणि भूक ठीक आहे ना, हे मी आधी पाहून घेतलं. ती ठीक होती.

हा अपराधीपणा घेऊन बरेच विद्यार्थी येतात. 'प्रिव्हिलेज' (जन्माने आयती मिळालेली सोय) हा शब्द त्यांना माहीत असतो, त्याचं करायचं काय हे माहीत नसतं. त्यांची भावना मला खोटी वाटत नाही. दुसऱ्याचे कष्ट ज्याला दिसतात त्यालाच ती होते. पण ती माणसाला स्वतःभोवतीच फिरवत ठेवते.

मी विचारलं, "लॅपटॉप कपाटात गेल्यावर रूममेटला काय मिळालं?"

तो गप्प.

"त्याच्याशी बोललास?"

"कसं बोलणार? त्याला कमीपणा वाटेल."

म्हणजे रूममेटला काय वाटेल, हेही यानेच ठरवून टाकलं होतं.

तुला काय काय आयतं मिळालं ते लिहून आण, असं मी सांगितलं. यादीत फी, लॅपटॉप, शांत घर. सगळं पैशाचं. मग विचारलं, "एखादं गणित अडलं की काय करतोस?" सरांना मेल करतो, भेटून येतो, म्हणाला. हे कुणी शिकवलं, ते त्याला आठवेना. प्राध्यापकांची भीती वाटायची असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून ते त्याच्या घरी येत-जात होते. रूममेट मात्र दीड वर्षात एकदाही कुठल्या सरांच्या दारात गेला नव्हता. तिथे फक्त ढ मुलं जातात, अशी त्याची समजूत.

जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात, मुदतवाढ कशी मागायची, फेरतपासणीचा अर्ज कधी करायचा, हे बहुतेक सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. पण ते आपल्यासाठीही आहे, हा विश्वास अनेकदा घरातून येतो. तो वाटून दिला तर देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही.

इथे मी त्याला उरी ट्राइझमन या गणितज्ञाचं काम सांगितलं. १९७०च्या दशकात, अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात, कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात मागे का पडतात याचा शोध त्यांनी घेतला. कष्ट कमी पडतात, ओढ कमी आहे, अशी शिक्षकांची अटकळ होती. ती चुकीची निघाली. ही मुलं नेटाने, पण एकेकटी अभ्यास करत होती. अभ्यास एकीकडे, मित्र दुसरीकडे. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी आपापलं सोडवून मग एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत. ट्राइझमन यांनी अवघड गणितांवर एकत्र काम करणारे गट सुरू केले, आणि त्यात आलेल्या मुलांचे निकाल स्पष्टपणे सुधारले.

तो उत्साहात गेला आणि पुढच्या आठवड्यात पडेल चेहऱ्याने आला. "तुला मदत करायची आहे" असं त्याने म्हटल्यावर रूममेट भडकला होता: "तुझी दया नकोय मला." मला रूममेटचं बरोबर वाटलं, आणि मी तसं सांगितलंही. 'मदत करतो' आणि 'मी सरांकडे चाललोय, येतोस?' यात फार अंतर आहे.

दोन आठवड्यांनी रूममेटनेच विचारलं, "तू सरांकडे जाऊन नेमकं बोलतोस काय?" मग ते दोघं मिळून गेले. रविवारी एकत्र बसू लागले. संख्याशास्त्रात रूममेटच पुढे निघाला, कारण नोकरीत रोज आकडेमोड. ते ऐकताना या मुलाचा चेहरा मी पहिल्यांदाच मोकळा पाहिला.

शेवटच्या भेटीत अपराधीपणाचं विचारलं. "येतो अधूनमधून," म्हणाला, आणि घड्याळ बघून उठला. गटात आता सात जण झाले होते, खोलीत मावत नव्हते, आणि ग्रंथालयातली चर्चेची खोली सहानंतर मिळणार नव्हती.