बोलल्याशिवाय डाव सुटू नये
वाचकांचे प्रश्न : मुलांसाठी संवादाचा पत्त्यांचा खेळ

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मुलांना नीट बोलता-ऐकता यावं म्हणून ४० पानं तयार केली. प्रत्येक पानावर एक प्रसंग आहे, जसं की ‘मैत्रिणीने तुझी पेन्सिल मोडली, तर तू काय म्हणशील?’ मूल पान उचलतं, उत्तर देतं, उत्तर चांगलं असलं की मी गुण देते. दोन दिवसांत मुलं कंटाळली. सगळी ‘मी तिला माफ करीन’ एवढंच म्हणतात. काय चुकलं?

उत्तर : ताई, प्रसंग चांगले आहेत, पण गुण तुमच्या हातात आहेत. त्यामुळे मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून तुमच्याशी बोलतात. बाईंना काय ऐकायचंय हे तिसरीतल्या मुलाला बरोबर कळतं आणि ते तेवढंच म्हणतं. ही तोंडी परीक्षा झाली. खेळ व्हायचा असेल तर एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही आणि सांगितल्या-विचारल्याशिवाय डाव सुटत नाही, अशी अडचण पानांतच असली पाहिजे. मग बरोबर-चूक पानं ठरवतात, बाई नाही.

आधी एकच कौशल्य निवडा. ऐकणं, विचारणं, भावना ओळखणं, नकार देणं हे सगळं एका कॅटमध्ये कोंबलं की काहीच धड होत नाही. तुमच्या वर्गासाठी ‘नेमकं सांगणं आणि नेमकं विचारणं’ यापासून सुरुवात करा. त्यासाठी ५४ पानांचा एक खेळ देतो.

तीन चित्रं घ्या : घर, आठवडी बाजार, एसटीचा थांबा. प्रत्येक चित्रात तीनच गोष्टी बदलायच्या आणि प्रत्येकीचे दोनच प्रकार ठेवायचे. घराच्या चित्रात दार उघडं किंवा बंद, छपरावर मांजर किंवा कावळा, अंगणात सायकल किंवा बादली. बाकी चिंचेचं झाड, विहीर, तुळशीवृंदावन सगळीकडे तसंच. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे घराची ८ वेगवेगळी पानं होतात. अशी तीन चित्रांची मिळून २४, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे ४८. उरलेल्या ६ पानांचं पुढे सांगतो. काढून झाल्यावर मोजून पाहा : घराच्या ८ वेगवेगळ्या पानांपैकी मांजर बरोबर ४ पानांत असलं पाहिजे, उघडं दारही ४ पानांत. मोजणी जुळली नाही, तर एखादं पान दोनदा काढलं गेलंय आणि एखादं राहिलंय.

खेळायला चार भिडू. एक सांगणारा, तिघं शोधणारे. एका चित्राची ८ पानं शोधणाऱ्यांसमोर उघडी मांडायची. त्याच चित्राची दुसरी ८ पिसून पालथी ठेवायची आणि सांगणाऱ्याने वरचं एक पान उचलून फक्त स्वतः पाहायचं. तो वर्णन करतो, शोधणारे न जुळणारी पानं पालथी घालत जातात. ‘दार उघडं आहे’ म्हटलं की आठाची चार राहतात, ‘मांजर आहे’ म्हटलं की दोन, ‘सायकल आहे’ म्हटलं की एकच. सांगणाऱ्याने एक गोष्ट गाळली तर दोन पानं उरतात, दोन गाळल्या तर चार. चूक किती झाली हे सगळ्यांना समोर मांडलेलं दिसतं, कुणी बोलून दाखवायची गरज पडत नाही.

शोधणाऱ्या प्रत्येकाकडे एकेक चिंचोका. प्रश्न विचारायचा असेल तर तो खर्च करायचा. शेवटी ‘एक, दोन, तीन’ म्हणून तिघांनी एकदम आपापल्या पानावर बोट ठेवायचं. तिघांचंही बरोबर आलं तर उरलेले चिंचोके सगळ्यांच्या सामायिक वाटीत. एकाचंही चुकलं तर त्या डावाचं काहीच नाही. प्रत्येक जण दोनदा सांगणारा होईपर्यंत ८ डाव होतात, जास्तीत जास्त २४ चिंचोके जमतात. पहिल्या दिवशी १२ चं लक्ष्य ठेवा, जमू लागलं की १६. एकमेकांविरुद्ध जिंकण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही, कारण तशी असली की मुलं अर्धवट सांगून समोरच्याला फसवतात.

एक गोष्ट हमखास बिघडते. मुलं डोळ्यांनी दाखवतात. तोंडाने ‘दार उघडं’ म्हणायचं आणि नजर सरळ त्या पानावर. म्हणून मध्ये आडोसा हवा. दोन दप्तरं उभी करून त्यांना एक मोठी वही टेकवली तरी पुरे. आडोसा असला की ‘ते बघ, तिकडचं, असं असं’ म्हणून चालत नाही, शब्दच शोधावे लागतात.

दुसरं म्हणजे सातआठ वर्षांचं मूल आधी झाड, विहीर, तुळस असं सगळं सांगत सुटतं. हे सगळ्या पानांत सारखंच आहे, त्याने एकही पान कमी होत नाही. ऐकणाऱ्यासमोर काय आहे आणि त्याला काय हवंय हे धरून बोलणं या वयात अजून पक्कं झालेलं नसतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत सॅम ग्लक्सबर्ग आणि रॉबर्ट क्राउस या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना पडद्याच्या दोन बाजूंना बसवून अनोळखी आकृत्यांचं वर्णन करायला लावलं होतं. लहान मुलं आकृतीला स्वतःला सुचलेलं एखादं खासगी नाव देत आणि पलीकडच्याला त्यावरून काहीच कळत नसे. तेव्हा मूल झाडाबद्दल बोलत राहिलं तर अडवू नका. एकही पान पालथं पडलं नाही हे त्याला तीनचार डावांत दिसतंच.

प्रश्न : माझ्या शिबिरात एक-दोन मुलं सगळे प्रश्न विचारून टाकतात, बाकीची गप्प बसतात. बोलकं करण्यासाठीच्या खेळातच अबोल मुलं मागे पडतात.

उत्तर : ‘सगळ्यांनी बोला बरं का’ असं सांगून हे सुटत नाही, नियमातच बसवावं लागतं. वरच्या खेळात चिंचोके प्रत्येकाला एकेक दिलेत ते याचसाठी. तिघांत मिळून तीन दिले की चुणचुणीत मूल पहिल्या मिनिटात तिन्ही खर्च करतं. चिंचोका उसना देता येणार नाही, हा नियम पक्का ठेवा. अबोल मुलीने प्रश्न विचारला नाही तर तिचा चिंचोका वाटीत पडतो, म्हणजे तिच्या गप्प बसण्याने कुणाचं नुकसान नाही आणि तिच्यावर कुणी ओरडत नाही. पण दोन पानं उरलीत, बाकीच्यांचे चिंचोके संपलेत आणि फक्त तिच्याकडे एक आहे, अशी वेळ दर थोड्या डावांनी येते. तेव्हा तिघंही तिच्या तोंडाकडे बघतात. ‘सायकल आहे की बादली?’ एवढंच विचारायचं असतं आणि ते ती विचारते. बोलायला कारण मिळालं की बरीच मुलं बोलतात.

एकदम बोट ठेवण्याचा नियमही सोडू नका. एकाने आधी बोट ठेवलं की बाकीचे त्याच्यामागे जातात.

उरलेल्या सहा पानांपैकी एकावर नियम लिहा, पाच अटींची करा. खेळ जमल्यावर प्रत्येक डावाआधी एक अट उचलायची : सांगणाऱ्याला दहाच शब्द, प्रश्न विचारण्याआधी ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, ‘ते’, ‘असं’, ‘तिकडे’ म्हणायचं नाही, सांगणाऱ्याने आपणहून एकच गोष्ट सांगायची, आणि सांगणाऱ्याने गप्प राहून फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. ही शेवटची अट सगळ्यांत कसाची. आठातून एक पान काढायला हो-नाहीचे तीन प्रश्न नेमके पुरतात, पण प्रत्येक प्रश्नाने पानं निम्मी व्हावी लागतात. ‘हेच का?’ असं एकेका पानावर विचारणारा अडकतो.

प्रश्न : भावना ओळखण्याचा खेळ करतोय. आनंद, दुःख, राग, भीती अशा चेहऱ्यांची पानं केली. मुलं एका दिवसात सगळी ओळखून मोकळी झाली. पुढे काय?

उत्तर : हसरा आणि रडका चेहरा ओळखायला बोलावं लागत नाही, म्हणून खेळ संपला. चेहरे बाजूला ठेवा, शब्द आणि आवाज घ्या. मराठीत या बाबतीत इतकी श्रीमंती आहे की चार भावनांवर थांबू नये. नुसत्या रागाच्या घरात चिडणं, वैतागणं, धुसफुसणं, रुसणं, फणकारणं आहे. दुःखाकडे हिरमुसणं, खट्टू होणं, हळहळणं. शिवाय ओशाळणं, बावरणं, भेदरणं, हेवा वाटणं. रुसणं तर पाहाच : जो समजूत काढायला येईल अशी खात्री आहे, त्याच्यावरच माणूस रुसतो. हे चेहऱ्याच्या चित्रात दाखवता येत नाही, पण दुसरीतल्या मुलीलाही ते ठाऊक असतं.

२४ शब्दांची पानं करा. डावात ८ उघडी मांडायची. त्याच आठांच्या चिठ्ठ्यांतली एक सांगणाऱ्याने गुपचूप उचलायची, पाठ वळवायची आणि ठरलेलं एकच वाक्य त्या भावनेने म्हणायचं. बाकीच्यांनी आवाजावरून पान निवडायचं. पाठ वळवणं आवश्यक आहे, नाहीतर मुलं तोंडं वेडीवाकडी करून मोकळी होतात. वाक्य निवडताना मराठीची एक अडचण लक्षात ठेवा : ‘तू आलास?’ म्हटलं की मुलीला म्हणताना ते बदलावं लागतं. ‘बरं, जाऊ दे’, ‘आज पण पोहेच?’, ‘दार उघडं आहे’ अशी वाक्यं कुणीही कुणालाही म्हणू शकतं.

आठांत एकमेकांजवळचे दोनतीन शब्द मुद्दाम ठेवा. वैतागणं आणि चिडणं यांत गोंधळ झाला की थांबा आणि सांगणाऱ्याला विचारा, ‘तुझ्या डोक्यात काय घडलं होतं?’ ‘आई तिसऱ्यांदा हाक मारत होती’ असं उत्तर आलं की वैताग म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आठही शब्द अगदी जवळचे ठेवू नका, मग नुसती अटकळ उरते.

प्रश्न : छपाईचं सांगा. घरी काढलेली पानं दोन दिवसांत वाकतात. छापखान्यातून आणली तर जोडाक्षरं फुटलेली.

उत्तर : पहिल्या चाचणीसाठी छापखान्यात जाऊच नका. पत्त्यांचं नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. एका ए-फोर कागदावर अशी ९ पानं बसतात, म्हणजे ५४ पानांना ६ कागद. ते कापून जुन्या पत्त्यांच्या कॅटवर ग्लू-स्टिकने चिकटवा. पातळ डिंक पाण्याचा असतो, कागद ओला होऊन फुगतो आणि सुकताना पान वाकवतो. तुमचं तेच होत असावं.

नियम पक्के झाले की छपाई. ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि बाकावर पान घसरतं. कागद पातळ घेतला तर मागून चित्र दिसतं. चारी बाजूंना कापण्यासाठी ३ मिलिमीटर रंग जादा सोडा आणि अक्षरं कडेपासून ४ मिलिमीटर आत ठेवा. जादा भाग धरून पान ६९ बाय ९४ होतं. १२ बाय १८ इंची डिजिटल शीटवर ती आडवी ३ आणि उभी ६, म्हणजे १८ बसतात, तीन शीटमध्ये ५४. पाठीला बारीक चौकट नको. कापताना शीट एखादा मिलिमीटर सरकली तरी चौकट तिरकी दिसते, आणि मुलं त्यावरून पान ओळखू लागतात. कोपरे गोल करून घ्या, टोकदार कोपरे आधी झिजतात.

जोडाक्षरं फुटतात ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर. छापखान्यात तो फाँट नसतो किंवा जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी नीट मांडता येत नाही. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या, किंवा अक्षरांची चित्रासारखी रेषाकृती (आउटलाइन) करून द्या, म्हणजे फाँट लागतच नाही. नमुन्याच्या शीटवर ‘दुसऱ्या’, ‘कृती’, ‘श्रद्धा’, ‘किंवा’ हे शब्द तपासा. बिघाड असला तर ‘ऱ्या’मध्ये हमखास दिसतो. काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की बरेचदा आपली वळणं मिळतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको आणि दोन ओळींत भरपूर जागा ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला चिकटते. मोकळे फाँट हवे असतील तर ‘मुक्त’ आणि ‘बालू’ विनामूल्य मिळतात.

बदलणाऱ्या गोष्टीत फरक फक्त रंगाचा ठेवू नका. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

प्रश्न : खेळाने मुलं खरंच शिकली हे कसं कळणार? आणि खेळाचं पेटंट घ्यावं का?

उत्तर : सांगणाऱ्याचं पहिलं वर्णन संपताच, एकही प्रश्न व्हायच्या आधी, किती पानं उघडी उरली तो आकडा मुलाच्या नावापुढे लिहा. महिन्याने न पाहिलेलं चौथं चित्र देऊन पुन्हा लिहा. नवं चित्र महत्त्वाचं, कारण घराचं चित्र तोवर पाठ झालेलं असतं. नियम तपासताना डबा मुलांच्या हाती द्या आणि तोंड बंद ठेवा. जिथे तुम्हाला समजावून सांगावंसं वाटेल, ते नियमपानावरचं वाक्य बदला. एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. ३५ मिनिटांच्या तासात मांडामांड धरून चार डाव झाले तर वेग ठीक आहे.

पेटंट मिळत नाही. १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एम)मध्ये खेळ खेळण्याची पद्धत वगळलेली आहे. तुमची चित्रं आणि नियमांचा लिहिलेला मजकूर यांवर कॉपीराइट तुमचाच, नावासाठी ट्रेडमार्क घेता येतो. दुकानात विकणार असाल तर आधी भारतीय मानक ब्यूरोच्या कार्यालयात चौकशी करा, कारण १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

प्रश्न : धाकटा पाच वर्षांचा आहे, तोही हट्ट करतो. त्याला कसं घ्यावं?

उत्तर : त्याच्यासाठी दोनच गोष्टी बदला, चारच पानं मांडा. दार नेहमी उघडंच असलेली घराची चार पानं काढली की झालं. आडोसा ठेवा, अटींची पानं बाजूला ठेवा. पहिले काही डाव त्याला शोधणारा होऊ दे आणि सांगणारी मोठी बहीण असू दे. ती कसं सांगते ते तो ऐकतो, आणि मग स्वतःच म्हणतो, आता माझं राज्य.