सोलापुरात आम्ही लहान मुलांच्या आयांसाठी गट चालवतो. त्याचा खरंच उपयोग होतोय का, हे कसं तपासायचं?

हजेरीवर आणि ‘बैठक आवडली का’ या प्रश्नावर विसंबू नका. गटाच्या आधी आणि नंतर त्याच आयांना तेच प्रश्न विचारा, आणि ज्यांचा गट काही महिन्यांनी सुरू होणार आहे त्यांनाही त्याच दिवसांत विचारा. आया गटात येतात त्या बहुधा मेटाकुटीला आल्यावर. पुढे काही न करताही थोडं बरं वाटतं, शिवाय मूल तेवढ्यात रात्रभर झोपायला लागलेलं असतं. तुलना नसेल तर हे सगळं श्रेय गटाला जातं. मी आरोग्य कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचं काम करते; माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती गट सोडून गेलेल्यांकडे असते. त्यांच्या घरी जाच. पूर्व भागात बैठकीची वेळ आणि विड्या कारखान्यात नेऊन द्यायची वेळ एकच आली, तर बाई येणार कशी? प्रश्न तेलुगू, कन्नडमध्येही हवेत, आणि विचारणारी गट चालवणारी ताई नको. तिच्या तोंडावर कोण वाईट बोलेल? मनःस्थितीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली चालेल (० ते २७ गुण). तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, म्हणून ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आल्यास त्याच दिवशी कुणाकडे न्यायचं हे आधी ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक जवळ ठेवा. मात्र गटात दहा-बाराच आया असतील, तर सरासरीतल्या फरकावरून ठाम निष्कर्ष काढू नका.