नरकासुराच्या डोळ्यांसाठी यूएलएन २८०३
अरे, नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांत लावायची एलईडी पट्टी आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोल बोर्डाच्या पिनवर थेट लावू नकोस. पिनला २० मिलिअँपिअरपर्यंतच ताण द्यावा, आणि तुझी पट्टी तर १२ व्होल्टची. मध्ये यूएलएन २८०३ ही चिप घाल; पिनच्या छोट्या सिग्नलवर ती मोठा प्रवाह चालू-बंद करते. आत आठ डार्लिंग्टन जोड्या (एकामागे एक जोडलेले दोन-दोन ट्रान्झिस्टर) असतात, इनपुटचे रेझिस्टरही आतच.

एक नीट समजून घे: ही चिप वीज पुरवत नाही, ग्राउंडकडे ओढते. म्हणून पट्टीची प्लस तार सरळ १२ व्होल्टला, मायनस चिपच्या आउटपुटला. आर्डुइनोच्या आणि पट्टीच्या, दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र जोड; गोव्यात फोंड्याला आमच्या वाड्यावर नरकासुराची, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदली, आख्खी रात्र माझी ते न जोडल्यामुळेच वाया गेली होती. ५०० मिलिअँपिअर ही एका आउटपुटची कमाल, आठांवर एकदम तेवढा भार टाकलास तर चिप जळेल. जास्त प्रवाह लागला तर मॉसफेट (मोठा प्रवाह सोसणारा ट्रान्झिस्टर) घे.