मॅकगिलिकडी हे आयरिश आडनाव कुठून आलं आणि त्याचा अर्थ काय?

मॅकगिलिकडी म्हणजे 'मोखुदा संताच्या सेवकाचा मुलगा'. मूळ गेलिक (आयर्लंडची जुनी भाषा) रूप मॅक गिला मोखुदा, त्यात मॅक म्हणजे मुलगा, गिला म्हणजे सेवक किंवा भक्त, आणि मोखुदा हे संत कार्थाख यांचं लाडाचं नाव, ज्यांनी वॉटरफर्डमधल्या लिसमोरचा मठ स्थापन केला आणि 637 च्या सुमारास वारले. 'गिला + संताचं नाव' हा आयर्लंडमध्ये अगदी ठरलेला साचा आहे, गिलमार्टिन, किलब्राइड हे त्यातलेच, आपल्याकडे रामदास, हरिदास म्हणतात तसंच, फक्त तिकडे त्याचं पुढे आडनाव झालं. हे लोक मूळचे केरी परगण्यातले, ओ'सलिव्हन मोर घराण्याची शाखा. त्यांच्याच नावावरून तिथली डोंगररांग मॅकगिलिकडीज रीक्स म्हणून ओळखली जाते, आयर्लंडचं सर्वात उंच शिखर कॅरनटूहिल (सुमारे 1,038 मीटर) त्यातच आहे. एक मात्र लक्षात घ्या, डोंगरावरून आडनाव पडलं असं बऱ्याच जणांना वाटतं पण ते उलटं आहे, डोंगरांचं गेलिक नाव वेगळंच आहे, 'ना क्रुआखा डुवा', म्हणजे काळे सुळके.